डाव्या चाकाची आतली कड

३ जून

वहिनी,

खुशाली शेवटी विचारीन, आधी कामाचं. काल तुझ्या मुलाचा फोन आला. तासभर बोलला. टेकडीच्या रस्त्यावर पावसात तुझी गाडी गर्रकन फिरली आणि मैलाच्या दगडाला टेकून थांबली, हे मला त्याच्याकडून कळलं. तुझ्याकडून नाही. तू गेल्या पत्रात मला पडद्यांच्या कापडाबद्दल दोन पानं लिहिलीस.

तो म्हणाला, "आत्या, तुझंच ऐकेल ती. गाडी विकायला सांग." म्हणून सांगते. तू त्रेसष्ट वर्षांची आहेस. जन्मभर नर्सचं काम केलंस, आता निवृत्त होऊनही घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधतेस. चांगलं आहे. पण पट्ट्या बांधणारीलाच पट्ट्या बांधायची वेळ आली तर कोणाचं भलं होणार? माझा भाऊ असता तर त्याने हे गोडीगुलाबीने सांगितलं असतं. मला ती कला नाही. किल्ली मुलाच्या हातात दे.

माझा गुडघा उत्तम आहे. ऑपरेशनला दोन महिने झाले, घरात काठीशिवाय फिरते. प्रवासाला मात्र बंदी आहे, नाहीतर हे तोंडावर सांगायला आले असते.

फोन करू नकोस. फोनवर तू "बरं बरं" म्हणतेस आणि स्वतःचंच खरं करतेस. कागदावर उत्तर दे.

तुझी नणंद


९ जून

ताई,

नमस्कार करते, पण आज वाकून नाही.

तुमच्या भाच्याने तासभर सांगितलं, मी पानभरात सांगते. सकाळचे दहा. बारीक पाऊस. शाळा मागे पडली की जे मोठं उजवं वळण लागतं, तिथे. वेग म्हणाल तर सायकलवाल्याने घंटी वाजवून पुढे जावं इतका. मागून कोणीतरी गाडीची शेपटी धरून डावीकडे ओढली, असं वाटलं. मी ब्रेक दाबला नाही, ओरडले नाही, डोळे मिटले नाहीत. गाडी फिरली आणि दगडाला लागली. मागच्या बंपरला पोचा आला. माझ्या अंगावर ओरखडा नाही.

वर्षभरात हे तिसऱ्यांदा झालं. आधीच्या दोन्ही वेळा नुसती शेपूट हलली होती. तिन्ही वेळा पाऊस आणि तिन्ही वेळा उजवं वळण. डाव्या वळणावर हीच गाडी गाईसारखी चालते.

मुलाने उकिडवं बसून चारी टायर पाहिले. "नक्षी भरपूर आहे, हवा बरोबर आहे. आता उरलं काय? चालवणारी!" असं माझ्याच अंगणात उभं राहून माझ्याच सुनेला म्हणाला. ती बिचारी दळण घेऊन आत पळाली. डोळे मी मार्चमध्ये तपासून घेतले, नंबर होता तोच आहे.

ताई, माझे चार पेशंट आहेत. टेकडीवरच्या मास्तरांच्या पाठीला पडून पडून खोल जखम झाली आहे. दिवसाआड बांधावीच लागते. वर जाणारी बस दिवसातून एकदा, आणि ती रात्री तिथेच मुक्काम करते. किल्ली दिली की माझं काम सुटलं, आणि काम सुटलं की मी खिडकीत बसून पडद्यांची कापडं निवडणार.

दोष माझ्या हातात आहे असं दाखवा, त्याच दिवशी किल्ली देते. न दाखवता देणार नाही. तुम्हालासुद्धा नाही.

तुमची वहिनी


१४ जून

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा उजवं वळण दिसलं.

मी तीस वर्षं तंत्रशाळेत यंत्रं शिकवली आणि तुला पहिल्या पत्रात यंत्राबद्दल एक प्रश्न विचारला नाही. साठी उलटलेली बाई आणि घसरलेली गाडी म्हटल्यावर मीही बाईवरच बोट ठेवलं. कॉलेजात एकशे वीस मुलगे आणि मी एकटी मुलगी होते. वर्कशॉपमधलं लेथचं यंत्र बंद पडलं की सगळे आधी माझ्याकडे वळून बघायचे. मला तरी हे शोभत नाही. पहिलं पत्र फाडून टाक. संपूर्ण नको, किल्लीपुरतं.

आता नीट ऐक. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे जे काही आहे ते डावीकडे आहे. तुझा मुलगा उकिडवा बसला, पण त्याने टायर बाहेरून पाहिले. टायरची आतली कड बाहेरून दिसत नाही. सदऱ्याची कॉलर बाहेरून कोरी करकरीत आणि मानेकडून मळकी, तसा प्रकार.

चारी चाकं काढून घे. प्रत्येक टायरवर आडवा कागद ठेव, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि वर पेन्सिल आडवी घास. नक्षी कागदावर उमटेल. कागदावर लिही: पुढचं की मागचं, डावं की उजवं, आतली कड कोणती. नाणं खाचेत घालून किती बुडतं तेही बघ. शिवाय सपाट रस्त्यावर स्टेअरिंग क्षणभर सैल सोड, गाडी कुठे जाते सांग.

अंदाज नकोत. कागद पाठव.

नणंद


२० जून

ताई,

सोबत चार कागद आहेत. घडी जपून उघडा, पेन्सिल पुसली जाते.

हवा भरणाऱ्याकडे गेले. म्हटलं, "चारी चाकं काढ." म्हणाला, "कुठे पंक्चर आहे, मावशी?" म्हटलं, "तेच शोधायचंय." मी जमिनीवर बसून टायरवर पेन्सिल घासते आहे हे बघून तिथे चहा प्यायला आलेले चौघे उभे राहिले. एकाने विचारलं, "मुलांच्या शाळेचं काही आहे का?" मी म्हटलं, "हो, परीक्षा आहे. माझी."

उजवी दोन्ही चाकं ठीक आहेत. नक्षी सगळीकडे सारखी. डावी दोन्ही तुम्हीच बघा. बाहेरून तीन बोटं रुंदीपर्यंत नक्षी छान आहे, आणि आतल्या कडेला कागद पांढरा. तिथे खाच नाहीच. हात फिरवला तर काचेसारखं लागलं. हवावाला म्हणाला, "आतून गोटा झालाय की, मावशी!" मला एकदम वॉर्ड आठवला. पेशंटची चप्पल बघून मी सांगत असे की हा कोणत्या पायावर भार देतो. गाडीच्या चपला मात्र मी कधी उलट्या करून पाहिल्या नाहीत.

स्टेअरिंग सोडलं की गाडी हळूच उजवीकडे जाते. ती कायमच तशी आहे. मी धरून ठेवते.

एक सांगते, हयगय माझ्याकडून झालेली नाही. यांच्या वहीत लिहिलंय तसं दर पाच हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घेते. ते गेल्यापासून एकदाही चुकवलं नाही. शेवटची अदलाबदल मे महिन्यातच केली.

रविवारी एक गिऱ्हाईक गाडी बघायला येणार आहे. मुलाने मला न विचारता बोलावलं आहे. तेव्हा लवकर लिहा.

वहिनी


२४ जून

वहिनी,

हे पत्र तुला रविवारच्या आत मिळणार नाही. गिऱ्हाइकाला तू पुरून उरशील, अशी खात्री आहे.

तुझे कागद टेबलावर मांडून दोन दिवस बघते आहे. डाव्या बाजूचं पुढचं चाक वरच्या बाजूने आत कललं आहे. म्हणून ते आतल्या कडेवर चालतं आणि ती कड खातं. आणि जिकडे चाक कलतं तिकडे ते गाडीला ढकलतं, म्हणून गाडी उजवीकडे जाते. इथपर्यंत सरळ आहे. मला अडवलं ते मागच्या चाकाने. मागचं चाक कशाला कलेल? मग तुझं वहीचं वाक्य पुन्हा वाचलं.

मागच्या चाकाला काहीही झालेलं नाही. पुढे बसून खाल्लेला टायर तू मागे नेलास आणि मागचा चांगला पुढे आणून खायला दिलास. दर पाच हजारांना, न चुकता. दोन्ही सारखे झिजले, त्यामुळे कोणतं चाक दुखतंय ते कोणालाच कळलं नाही. आणि मेमध्ये जो जास्त गुळगुळीत होता तो मागे गेला. पावसात मागचं चाक सुटलं की गाडी फिरते. तेच झालं.

आता जे लिहायचं ते लिहायला मला एक पूर्ण सकाळ लागली. तो नियम माझा आहे. भावाने पहिली गाडी घेतली तेव्हा मी त्याला सांगितला आणि त्याने वहीत उतरवला. चाकं बदलण्याआधी ती उलटसुलट बघ, झीज वाच, मग बदल, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, ते काय सांगायचं! विद्यार्थ्यांनी असं उत्तर दिलं असतं तर मी अर्धे गुण कापले असते.

एक प्रश्न उरतो. चाक आपोआप कलत नाही. गाडी कशावर तरी जोरात आदळली आहे. कधी? "नाही" असं लिहू नकोस.

नणंद


१ जुलै

ताई,

आधी रविवारची गोष्ट, मग तुमचा प्रश्न.

गिऱ्हाईक आलं. भला माणूस, छत्र्यांचं दुकान आहे त्याचं. मुलगा त्याला म्हणाला, "एकदम मक्खन गाडी आहे. आई फक्त जवळपास फिरवते." माणूस एकटाच चक्कर मारायला गेला. दहा मिनिटांनी आला तो घाम पुसतच.

"रोज कोण चालवतं हो ही?"

"आई," मुलगा म्हणाला.

"टेकडीवर?"

"टेकडीवर."

त्याने माझ्याकडे वळून हात जोडले. "मावशी, मला तर ती बाजारापर्यंत सरळ नेता येईना. उजवीकडे ओढते. तुम्ही काय दोरी बांधून चालवता का?"

ताई, मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने स्वतः ही गाडी तीन वर्षांत एकदाही चालवलेली नाही. माणूस चहा न घेता गेला. मुलगा म्हणाला, "म्हणजे गाडी खराब आहे. मग तर विकायलाच हवी." मी म्हटलं, "पहिल्या दिवशी चालवणारी खराब होती. एक काय ते ठरव."

आता तुमचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात. मास्तरांच्या बायकोचा निरोप आला की त्यांना धाप लागली आहे. मी घाईत निघाले. पाइप टाकायला खणलेला चर रस्त्यावर उघडाच होता. पुढचं डावं चाक त्यात गेलं. दात दातांवर आपटले. गाडी बाहेर आली, चालली, मीही चालले. मास्तर वाचले. घरी आल्यावर बोलले नाही. यांना जाऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि मुलगा तेव्हापासूनच म्हणत होता, "आई, पुरे आता." मी सांगितलं असतं तर किल्ली त्याच दिवशी गेली असती. उजवीकडे ओढायला लागली ती त्यानंतर. गेल्या पत्रात मी "कायमच तशी आहे" असं लिहिलं, ते खोटं होतं.

तुम्ही नियम पुरता सांगितला नाहीत, मी खड्डा सांगितला नाही. आपण दोघी सारख्याच.

आणि तुमच्या "उत्तम" गुडघ्यावर माझा विश्वास नाही. तुमच्या घरातल्या चपला उलट्या करा, कागद ठेवा, पेन्सिल घासा. मला दोन्ही कागद हवेत. अंदाज नकोत.

वहिनी


६ जुलै

वहिनी,

खड्ड्याबद्दल बोलणार नाही. झालं ते झालं.

गॅरेजमध्ये गेलीस की ते गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवतील, पुढची चाकं समोर बघतील अशी करतील आणि "झालं" म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नकोस. डाव्या चाकाचा कल किती, उजव्याचा किती, दोन्ही आकडे कागदावर माग. फरक असेल तर चाकाला वरून धरणारी शॉकॲब्सॉर्बरची दांडी वाकलेली आहे. ती नवी घालून घे. नवे टायर दोनच घे आणि ते मागे लाव. उजवीकडचे चांगले दोन पुढे. तिथून हलू नकोस. खुर्ची दिली नाही तर उभी राहा.

कागद सोबत आहेत. डावी चप्पल टाचेला पार गेली आहे, उजवी, ऑपरेशनच्या पायाची, अगदी नवी. हे मी पाहिलं नव्हतं. व्यायाम करत नाही, कारण दुखतं. झालं समाधान?

नणंद


१३ जुलै

ताई,

गॅरेजात चार तास उभी होते. मेकॅनिक म्हणाला, "झालं, मावशी." पडद्यावर डाव्या चाकापुढचा एक आकडा लालच होता. "तो?" "तो या गाडीत सेट होत नाही." मी म्हटलं, "उजवीकडचा हिरवा आहे. तो कोणी सेट केला?" तो पान्हा पुसू लागला. "सेट होत नाही म्हणजे वाकलंय. काढ." काढलं. जुनी दांडी नवीशेजारी फरशीवर ठेवली तेव्हा त्याने स्वतःच जीभ चावली. केळ्यासारखी वाकली होती.

नवी दांडी बसली, नवे टायर मागे लागले, आकडे सगळे हिरवे. मी मुलाला बोलावलं. म्हटलं, बस शेजारी, बघ.

पहिल्याच सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे गेली. मी सावरली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा पुलाच्या कठड्यापासून हातभर अंतर राहिलं तेव्हा मुलाने स्टेअरिंग धरलं. गाडी थांबली. त्याने किल्ली काढून खिशात घातली आणि एवढंच म्हणाला, "आता तर गाडी चांगली आहे ना, आई?"

मी दार उघडून उतरले. चालत घरी आले. मास्तरांकडे आज एका ओळखीच्या मुलीला भाड्याच्या गाडीने पाठवलं. ती म्हणते, जखम बघून तिला चक्कर आली.

तुमचा दावा खरा ठरला, ताई. दोष शेवटी हातात निघाला.

वहिनी


१७ जुलै

वहिनी,

किल्ली परत माग. आजच.

दोष हातात आहे, हे खरं. पण कोणता, ते बघ. दोन वर्षं गाडी उजवीकडे ओढत होती आणि तुझे हात तिला डावीकडे धरून होते. दिवसभर, न विचारता. आता ओढणारं कोणी उरलं नाही आणि हात अजून धरूनच आहेत. मग गाडी डावीकडेच जाणार. वाईट चालवणारीला दोन वर्षं असं धरणं जमलंच नसतं.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. सुचलं ते परवा. तुझ्या धाकाने व्यायाम शिकवणारी बाई घरी बोलावली. तिने मला आरशासमोर चालायला लावलं. मी सरळ चालत होते आणि आरशात एक लंगडी म्हातारी येत होती. बाई म्हणाली, "गुडघा बरा झालाय, आजी. चाल बरी व्हायचीय. ती शिकावी लागते." तू हे तुझ्या पेशंटांना शंभर वेळा सांगितलं असशील. स्वतःला सांगितलं नाहीस.

मोकळं मैदान शोध. मुलाला शेजारी बसव. रोज एक तास. स्टेअरिंग चिमटीत धर, मुठीत नको. तो नाही म्हणाला तर त्याला हे पत्र वाचायला दे. आणि खाली लिहिलेलं त्याच्यासाठी:

बाळा, तुला लहानपणी सायकल शिकवताना तुझ्या आईने सीट धरून सबंध सुट्टी मैदानाच्या फेऱ्या मारल्या. तू सहा वेळा तिच्याच अंगावर पडलास. तिने तुझी सायकल विकायला काढली नाही. आता तुझी पाळी.

आत्या


४ ऑगस्ट

ताई,

उशीर झाला, कारण हात कामात होते.

तुमच्या भाच्याने पत्र वाचलं, घडी केली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आत्या मारते तर चांगलं वर्मी मारते." दुसऱ्या दिवशी सहाला उठून तोच मैदानावर घेऊन गेला. पहिले चार दिवस आमचं भांडणच चाललं होतं. "आई, सैल!" "सैलच आहे!" "मग बोटं पांढरी का पडलीत?" पाचव्या दिवशी त्याने काचेवर मधोमध खडूची रेघ मारली आणि समोरच्या झाडाशी जुळवायला सांगितली. मी म्हटलं, "हे कुठे शिकलास?" म्हणाला, "आत्याचा भाचा आहे मी." आठव्या दिवशी झाड रेघेवरून हललं नाही. मग रस्त्यावर. मग पावसात रस्त्यावर. मधल्या काळात मास्तरांकडे तोच मला त्याच्या गाडीने नेत होता, कामावर उशिरा जाऊन. दोन आठवडे. जखम भरत आली आहे.

काल त्याने किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी उचलली.

दुपारी टेकडीवर निघालो. तो बरोबर होता, "शेवटचं एकदा बघतो" म्हणून. शाळा गेली आणि पाऊस सुरू झाला. वळण आलं तेव्हा माझे हात आपोआप आवळले. मी ते सैल केले. वेग कमी केला आणि रस्ता जिकडे वळतो तिकडे बघितलं. ताई, काहीच झालं नाही. गाडी वळली आणि पुढे गेली. दोन वर्षांत मी विसरूनच गेले होते की ती इतकी हलकी आहे.

त्याने हुश्श केलं नाही, शाबासकी दिली नाही. वर पोचल्यावर माझी पिशवी उचलून आत आणली आणि मी जखम बांधेपर्यंत मास्तरांशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

परत येताना तो गप्प होता. मला वाटलं, काहीतरी खुपतंय, आता सुरू करेल. त्याच वळणावर, पाऊस अजून पडतच होता, मी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. काचेला डोकं टेकवून तो झोपला होता. तोंड उघडं होतं.

मी त्याला घर येईपर्यंत उठवलं नाही.

तुमची वहिनी